इटकमसाहेबाचा दगड

“टेप ताणून धर, हौशीराम. मधी झोळ पडतोय,” बापूसाहेब म्हणाले.

हौशीरामनं टेपचं टोक आणखी घट्ट दाबलं. ते टोक बागेच्या मधोमध, शेंदराच्या दगडावर टेकवलेलं होतं. दुसरं टोक फाटकापाशी कंत्राटदाराच्या माणसाच्या हातात होतं. मध्ये कडक इस्तरीतले बापूसाहेब, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात नकाशाची गुंडाळी.

“बत्तीस मीटर,” फाटकापासून आरोळी आली.

“झालं तर मग. मागं मोजलं, म्होरं मोजलं, मध्य ह्योच. कारंजं हितं.” बापूसाहेबांनी दगडाकडं बोट केलं. “ह्यो दगूड हलवायचा.”

हौशीरामच्या हातून टेप सुटली आणि गवतातून सळसळत फाटकापर्यंत गेली.

“हलवून कुठं न्यायचा?”

“कुठंबी. कालव्याच्या कडंला ठिवू. आरं दगूड हाय, त्याला काय वन बीएचके बघायचा का?”

कंत्राटदाराचा माणूस खो खो हसला. हौशीराम हसला नाही. “देव हाय त्यो, बापूसाहेब.”

“कुणाचा देव? इटकमसाहेबाचा. इंग्रजाचा! तू त्याला शेंदूर फासतोस आन् बाया लेकरं आणून त्याच्या म्होरं टेकवत्यात. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्सं होऊन गेली. बाहेरचा पाव्हणा इचारतो, ह्यो कोण देव म्हणून, तवा तोंड कुठं लपवावं कळत न्हाई.”

बोलणं चुकीचं नव्हतं, हीच तर अडचण होती. उंबरसोंडच्या सरपंच म्हणजे प्रतिभाताई, बापूसाहेबांची सून. सही तिची आणि शब्द यांचा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण माणूस मनानं वाईट नव्हता. वरवंडच्या बाजूला गावागावांत बागा झाल्या, आपल्याही गावात व्हावी, लेकीबाळींनी संध्याकाळी चार फेऱ्या माराव्यात, एवढीच त्याची हौस.

“सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव हाय,” बापूसाहेब जरा नरमाईनं म्हणाले. “दगूड साहेबाचा न्हाई आसं दावून दे, कारंजं मी फाटकाजवळ घेतो. शब्द देतो. पण कसं दावशील? जलम गेला तुझा, साहेबाचा-साहेबाचा करण्यात.”

एवढं बोलून ते गाडीवर बसले आणि धुरळा उडवत गेले. हौशीराम तिथंच उभा राहिला. मग त्यानं उपरण्याच्या टोकानं दगडावरचा टेपचा ओरखडा पुसून काढला.

हौशीराम रासकर जातीनं माळी आणि पोटापाण्यानंही माळी. ग्रामपंचायतीच्या पगारावर एकतीस वर्षं, आणि त्याच्या आधी त्याचा बाप, आजा, पणजा याच बागेत. बागेला गाव ‘साहेबाची बाग’ म्हणायचं. कालव्याचं काम चाललं तेव्हा इथं इटकमसाहेबाचा बंगला होता. बंगला कधीच पडला, जोतं तेवढं उरलं, आणि त्या जोत्यावर आता ओपन जिमची यंत्रं बसवली होती. संध्याकाळी गावातले पोट सुटलेले लोक साहेबाच्या दिवाणखान्यात सायकल मारत. गावाची समजूत अशी, की साहेब इथंच तापानं मेला, दगडाखाली पुरलेला आहे, आणि लेकरांवर त्याची फार माया. म्हणून मुलाला पाचवा महिना लागला, की आई त्याला घेऊन बागेत यायची. दगडापुढं पानावर जोंधळ्याच्या अळणी कण्या ठेवायची. मीठ चालायचं नाही. मग लेकराचं नाव तीनदा मोठ्यानं घ्यायची आणि मागं न बघता घरी जायची. असं का, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

हौशीरामला बापानं मरताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दगडाला वर्षातून दोनदा शेंदूर. शेंदराची खोळ माणसानं काढायची नाही. पडली तर देवानं आपणहून टाकली पाहिजे. आणि बागेच्या मागच्या अंगाला पांढऱ्या चाफ्याची झाडं आहेत, त्यातलं एखादं मेलं तर त्याच खड्ड्यात त्याच झाडाची फांदी रोवायची, जागा बदलायची नाही. “का?” असं विचारल्यावर बाप एवढंच म्हणाला होता, “म्हाळूआबाचा शब्द हाय.” म्हाळूआबा म्हणजे हौशीरामचा खापरपणजा, साहेबाचा माळी. त्यामुळं पोरं हौशीरामलाही ‘साहेबाचा माळी’ म्हणूनच चिडवायची. तो वरवर हसायचा. पण ते शब्द त्याला लागायचे, हे खरं. गोऱ्या माणसाची चाकरी चार पिढ्यांनी केली आणि आता त्याच्या मढ्याचीही आपणच करतोय, असं कधी कधी त्याच्या मनात येऊन जायचं.

संध्याकाळी भाकरीला बसल्यावर त्यानं घरात सगळं सांगितलं. मुलगा भारत कुरकुंभच्या कंपनीत सेकंड शिफ्टला गेलेला. घरात बायको धुरपदा आणि सून स्नेहल. स्नेहल इतिहास घेऊन बीए झालेली, दौंडच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला. दोन वर्षांपूर्वी तिच्या लेकीला दगडापुढं न्यायची वेळ आली, तेव्हा तिनं नाक मुरडलं होतं. नेलं तरी शेवटी. धुरपदानं ते अजून विसरलेलं नव्हतं.

“मामा, साहेब इथंच मेला, हे कुणी बघितलंय?” स्नेहलनं विचारलं.

“बघितलंय म्हंजी? मी काय त्याच्या मयताला गेलतो?”

“तसं नाही हो. इंग्रज लोक सगळं लिहून ठेवायचे. पाण्याची पाळी सुटली तरी त्याचा कागद. पुण्याच्या दप्तरखान्यात असणार काहीतरी. आमच्या मॅडम चिठ्ठी देतील मला.”

हौशीरामचा हात भाकरीवरच थांबला. “नगं, पोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदात साहेबाचंच नाव निघालं तर आत्ता बापूसाहेब बोलत्यात, उद्या गाव बोलंल.”

“आणि नाही निघालं तर?”

“त्याचं न्हाई तर कुणाचं निघायचं?”

“जाऊ द्या की तिला,” धुरपदा अचानक म्हणाली. दोघंही तिच्याकडं बघत राहिले. “आसंबी दगूड जाणारच हाय. जायच्या आधी निदान नाव तरी कळंल कुणाचा व्हता त्ये.”

स्नेहल रजा काढून दोनदा पुण्याला गेली. सकाळच्या शटलनं जायची, दिवेलागणीला परत यायची. पहिल्या खेपेला हात हलवत आली. दुसऱ्या खेपेला आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, “मामा, साहेब इथं मेलाच नाही.”

“आँ?”

“व्हिटकम त्याचं नाव. काम संपल्यावर दुसऱ्याच वर्षी बोटीत बसून गेला. तीस वर्षांनी विलायतेहून कालव्याच्या खात्याला सल्ला देणारं पत्र पाठवलंय त्यानं. चांगला म्हातारा झाला होता.”

“मंग दगडाखाली कोण हाय?” धुरपदानं विचारलं.

स्नेहलनं पिशवी पुढं ओढली. मग तिनं वही उघडली. “साहेबानं जाताना लिहिलेला अहवाल आहे. तुम्हाला आवडायचा नाही, पण लपवत नाही मी. ऐका.” आणि तिनं स्वतः केलेलं भाषांतर वाचून दाखवलं.

“‘दुष्काळी कामावरचं स्वयंपाकघर पटकीच्या साथीमुळं ऑगस्टात बंद करावं लागलं. त्यानंतर बंगल्यामागची पडीक जागा मी सपाट करून घेतली. म्हालू नावाच्या माळ्यानं तिथं फुलझाडं लावली आहेत. येथील रहिवाशांनी माझ्या सन्मानार्थ बागेत एक दगड उभारला असून ते त्यास लाल रंग फासतात. या अडाणी लोकांची कृतज्ञता पाहून मन भरून आलं. त्यास मनाई करणं माझ्या जिवावर आलं.’”

हौशीराम उठून अंगणात गेला आणि हौदाच्या कडेला बसला. साहेब मेला म्हणून लोकांनी दगड बसवला असता, तर एक वेळ ठीक होतं. मेलेल्याला सगळेच हात जोडतात. पण इथं साहेब चांगला जिवंत, खुर्चीत बसलेला, आणि आपला म्हाळूआबा त्याच्या नावानं दगडाला शेंदूर फासतोय! एवढी लाचारी? दुष्काळात पोटाची आग माणसाला काय काय करायला लावते, हे त्याला कळत होतं. तरी त्याला वाईट वाटलं. बापूसाहेबांचं खरं होतं आणि चार पिढ्यांचा शेंदूर खोट्याला लागला होता.

“मी सभेत सांगून टाकतो,” आत येऊन तो म्हणाला. “न्या म्हणावं दगूड.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत गेला, पण हातात झाडू धरवेना. थंडी मी म्हणत होती. तो उगाच इकडून तिकडं हिंडला. फाटकापासून जोत्यापर्यंत साहेबाच्या वेळची बुचाची झाडं होती, दोन्ही अंगांना दोन ओळी. म्हाळूआबानं दोरी धरून लावलेली. या टोकाला उभं राहून बघावं तर शेवटचं झाड पहिल्याच्या मागं लपायचं, इतकी सरळ. हौशीरामला त्या ओळींचा फार अभिमान. मग तो मागच्या अंगाला चाफ्यांकडं गेला आणि एकतीस वर्षं रोज बघितलेली झाडं त्यानं पहिल्यांदा माळ्याच्या नजरेनं बघितली.

चाफे वेडेवाकडे लावले होते. दोन अगदी खेटून, मग चार हातांची फट, मग तीन एकत्र, मग एक कोपऱ्यात. एकमेकांच्या फांद्यांत अडकून सगळ्यांची वाढ खुंटलेली. ज्या माणसानं पुढच्या ओळी दोरीनं लावल्या, तो मागं इतका गबाळेपणा करील? नवशिका पोरगाही असं लावणार नाही. बरं, एखादं मेलं तर तिथंच लाव, म्हणजे जागा बदलायची नाही, हा हट्ट कशाला? झाड कुठंही जगतं. जागेचा हट्ट माणूस कधी धरतो?

त्यानं खिशातून फोन काढला. स्नेहल दौंडला निघायच्या गडबडीत होती.

“स्नेहल, त्या कागदात सैपाकघर म्हणलंय, त्ये कुणासाठी व्हतं गं?”

“कामावरच्या बायांच्या मुलांसाठी. सात वर्षांखालच्या. आई माती वाहायची आणि पोरांना इथं शिजवून घालायचे. का हो?”

“काय शिजवायचे?”

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला. “ज्वारीचा भरडा लिहिलाय. मीठ संपल्याची तक्रार आहे दोन ठिकाणी. मामा? मामा, काय झालं?”

हौशीराम चाफ्याच्या मुळाशी हात टेकून बसला होता. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. पटकी आली. स्वयंपाकघर बंद झालं. साहेबानं मागची जागा सपाट करून घेतली, म्हणजे त्याच्या आधी ती सपाट नव्हती. आणि कुठं कुठं उंचवटे होते, हे म्हाळूआबाला पाठ होतं.

“आज कालेजला जाऊ नगंस,” तो म्हणाला. “बागंत ये.”

स्नेहल आली, धुरपदाही आली. त्यानं दोघींना एक-एक झाड दाखवलं. मोजली तर एकोणीस भरली. धुरपदानं पदर तोंडाला लावला. तिनं याच बागेत लेकीसारखी जपलेली झाडं, आणि त्यांच्या मुळाशी काय आहे हे तिला आज कळत होतं.

“पण मामा, दगडाचं काय? साहेब तर लिहितो, माझ्या सन्मानार्थ.”

“साहेब ल्हितो,” हौशीराम म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत जरा चमक आली. “साहेबाला कुणी सांगितलं आसंल? म्हाळूआबानंच की! साहेबानं जागा मोडली. तिथं लेकरांच्या नावानं काय ठिवलं आसतं तर त्येबी मोडलं आसतं. मंग म्हाताऱ्यानं काय केलं आसंल? ‘साहेब, तुमच्याच नावाचा देव हाय,’ म्हणून सांगितलं. सोताच्या नावाचा दगूड कोण उपटतंय?”

“पण हे सभेत कोण मानणार? हा आपला अंदाज झाला,” स्नेहल म्हणाली. मग हळूच म्हणाली, “शेंदराखाली काहीतरी असेल.”

तिघांनीही दगडाकडं बघितलं. दीडशे वर्षांचा शेंदूर, वीतभर जाड, धड डोकं ना धड तोंड असा तांबडा गोळा. खोळ माणसानं काढायची नाही, हा बापाचा शब्द. “न्हाई,” हौशीराम म्हणाला. “ त्ये माझ्यानं व्हायचं न्हाई. काय बरंवाईट झालं म्हंजी?”

तेवढ्यात झुंबराआजी काठी टेकत आली. नव्वदीची म्हातारी, गावातल्या निम्म्या लेकरांना पाचव्या महिन्यात तिनंच दगडापर्यंत आणलेलं. फाटकापाशीच तिला सगळी कुजबुज ऐकू गेली असावी; कानानं ती अजून तिखट होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती दगडाजवळच्या ओट्यावर टेकली.

“हौशा, तू देवाला आंघुळ घालतोस का न्हाई?”

“घालतो की.”

“कापडासकट घालतोस?”

हौशीरामनं शेंदराच्या गोळ्यावरून हात फिरवला.

“आरं, दीडशे वर्सं एकाच कापडात बसलंय त्ये. काढ की आता. पाप लागलं तर माझ्या नावावर टाक. मी काय, आज हाय, उद्या न्हाई. मला ते महागात पडायचं न्हाई.”

धुरपदा घरून तीळतेल कोमट करून घेऊन आली. हौशीरामनं आधी दगडापुढं डोकं टेकवलं, बापाची मनोमन क्षमा मागितली आणि बांबूची चपटी कामटी घेऊन बसला. लोखंड लावायचं नाही, एवढं त्यानं स्वतःच ठरवलं. तेल मुरवायचं, वाट बघायची, कामटी हळूच सरकवायची. पहिला पापुद्रा सुटला. आत दुसरा रंग, त्याच्या आत तिसरा. हा आपण लावलेला, हा बापानं, हा आज्यानं. निघालेला शेंदूर स्नेहल कोऱ्या कापडावर ठेवत होती. तो वाहत्या पाण्यात सोडायचा, असं आजीनं बजावलं होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फटफटी फाटकात थांबली. कुणीतरी चुगली केली होती. बापूसाहेब तरातरा आत आले. “आरं, हे काय मांडलंय? देवाची खोळ काढतोस? कुणाला इचारून?”

“तुमी तर समदा दगूडच काढणार व्हता,” झुंबराआजी म्हणाली.

“त्ये येगळं! त्ये ठरावानं व्हतं!” बापूसाहेब तावातावानं बोलत होते, तोवर शेंदराची मोठी ढलपी सुटून हौशीरामच्या मांडीवर पडली होती आणि दगड उघडा झाला होता.

दगडावर पावलं कोरलेली होती. जोडीजोडीनं, तळहातात मावतील एवढी. वरच्या अंगाला पाथरवटानं सावकाश, ऐसपैस कोरली होती. सुबक अंगठे, गोल टाचा. दुसऱ्या ओळीत ती जवळ आली. तिसऱ्या ओळीत एकमेकांना खेटली. खाली जागा उरली नाही तेव्हा तो दगडाच्या बगलेवर वळला होता, आणि तिथली पावलं घाईत, दोन-चार घावांत काढल्यासारखी होती. एवढी कोरावी लागतील, असं त्याला सुरुवातीला वाटलंच नसणार. दुसऱ्या बाजूला सरकारी बाणाची खूण आणि आकडा होता. कालव्याच्या मोरीसाठी घडवलेला दगड होता तो, कामावरून चोरून आणलेला.

बापूसाहेब वाकले. त्यांचे ओठ हलत होते. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, “एकोणीस?”

“चाफंबी एकोणीसच हायेत,” हौशीराम म्हणाला.

त्यानं मग सगळं सांगितलं. स्नेहलनं वहीतून साहेबाचा उतारा वाचला. बापूसाहेबांनी पायातले बूट काढले, हातात घेतले, आणि तसेच अनवाणी फाटकापर्यंत चालत गेले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा भरली. एकतीस वर्षांत हौशीराम ग्रामसभेत चहाचे कप घेऊनच हिंडला होता. खुर्चीवर बसायची त्याची ही पहिली वेळ. बोलायला तो उठला. “मला काय भाशान येत न्हाई,” तो म्हणाला. “सूनबाई वाचंल. ऐका.”

स्नेहलनं साहेबाचा कागद वाचला. ‘माझ्या सन्मानार्थ’ हे शब्द आले तेव्हा सभा थोडी ओशाळली. मग तिनं पावलांचं सांगितलं, चोरलेल्या दगडाचं सांगितलं, चाफ्यांचं सांगितलं. एक क्षण कुणाला काही उमगेना. मग मागून गोकुळ दूधवाला मोठ्यानं ओरडला, “आयला! म्हंजी म्हाळूआबानं टोपीवाल्याला टोपी घातली!”

आणि सगळी सभा हसली. पोट धरधरून हसली. दीडशे वर्षांपूर्वी खुर्चीत बसून मन भरून आलेल्या त्या साहेबाला उंबरसोंड आज पहिल्यांदा हसत होतं. हसता हसता बायका आधी गप्प झाल्या. “आपुन लेकराचं नाव घेतो तिथं,” ललिता नावाची एक बाळंतीण मांडीवरचं मूल सावरत म्हणाली, “त्ये म्हंजी… त्यांची नावं कुणी ल्हून ठिवलीच नसतील का हो?” पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या.

“साहेबाला फसवण्यापायी म्हाताऱ्यानं गोष्ट रचली,” हौशीराम म्हणाला, “आन् आपुन खरं विसरून त्याची गोष्टच धरून बसलो. साहेब गेला, पण आमाला कुणी सांगितलंच न्हाई की आता लपवायचं काम न्हाई म्हणून. माझा बाप येडा नव्हता. आजाबी नव्हता. शब्द पाळत व्हते.” एवढं बोलून तो बसला. त्याचं तोंड लाल झालं होतं, मान मात्र ताठ होती.

ठरावाचा कागद प्रतिभाताईंच्या पुढ्यात होता. त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं नाही. पेन उघडलं, ‘परकीय सत्तेचं चिन्ह हटवून’ या ओळीवर सरळ रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, कारंजं फाटकाजवळ. “कुणाची हरकत?” त्यांनी विचारलं. बापूसाहेबांनीच सगळ्यांत आधी हात वर केला आणि मग घाईघाईनं म्हणाले, “हरकत न्हाई, हरकत न्हाई. मंजूर म्हणून हात हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदाराचा माणूस फाटकापाशी चुन्याची रेघ मारत होता. चाफ्यांच्या बाजूनं फेऱ्या मारणारी माणसं आज जरा हळू चालत होती. दोन पोरी बोलत बोलत आल्या आणि तिथं येताच त्यांचा आवाज खाली आला.

हौशीराम शेंदराचा डबा घेऊन दगडापाशी उभा होता. रथसप्तमी जवळ आली होती, म्हणजे एरवीचा शेंदराचा दिवस. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, मिटलं. “आता लावू का नगं, आजी?”

झुंबराआजी ओट्यावर ऊन खात बसली होती. “कुणापास्नं झाकायचंय आता?”

त्यानं डबा बाजूला ठेवला. रात्रीतून पावलांत धूळ आणि चाफ्याच्या पानांचा चुरा साठला होता. हौदातून बादली भरून आणून तो खाली बसला. शेतातून खेळून आलेल्या पोराचे पाय धुतात तसं, अंगठ्यानं एक पाऊल पुसावं म्हणून त्यानं ओंजळ भरली.

“हौशा,” आजी ओरडली, “गार पाणी घालतोस? थंडीचं दीस हायेत.”

हौशीरामनं ओंजळ सोडून दिली. बादली बुचाच्या मुळाशी ओतली आणि बोअरची मोटर चालू करायला गेला. थंडीत बोअरचं पाणी कोमट येतं.